तोच लॅपटॉप, नवा आकडा : गेल्या वर्षीचा घ्यावा की या वर्षीचा?

लॅपटॉपचं नवं मॉडेल आलं आणि त्यात फारसं काही बदललेलं नसलं, की लोकांच्या तीन तऱ्हा बघायला मिळतात. पहिले चिडतात. "एवढ्यासाठी वर्षभर थांबलो?" दुसऱ्यांनी महिन्याभरापूर्वीच जुनं मॉडेल घेतलेलं असतं. ते आतून सुटकेचा निःश्वास टाकतात आणि चारचौघांत सांगत सुटतात, नव्यात काही दम नाही म्हणून. तिसऱ्यांना दोन्हींत फरक काय तेच कळलेलं नसतं. दुकानदार जो खोका पुढे सरकवेल तो घेऊन ते घरी येतात.

गोव्यातल्या फोंड्यात आमच्या ओळखीपाळखीत कुणाला लॅपटॉप घ्यायचा झाला की फोन मला येतो. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला तेव्हापासून तर जास्तच. सेलवर डोळा ठेवून बसलेलेही बरेच आहेत. माझं म्हणणं एवढंच : चिडणाऱ्यांचं यंत्राबद्दलचं मत बहुतेक वेळा बरोबर असतं, पण त्यावरून ते जो निर्णय घेतात तो हमखास बरोबर असतोच असं नाही. चिप, म्हणजे प्रोसेसर, तीच राहिली तरी तिच्याभोवतीचं बरंच काही बदललेलं असतं. रॅम किती, किंमत किती, वॉरंटी कुठल्या तारखेपासून. घेणाऱ्याने बघायचं ते हे.

इंटेल : आय५-१३३५यू की कोअर ५ १२०यू

बारावीनंतर मुलांना घेऊन देतात तो, साधारण पन्नास-साठ हजारांचा प्रकार. सगळ्यात जास्त घोळ इथेच आहे, म्हणून इथे जरा थांबू.

डिसेंबर २०२३ मध्ये इंटेलने प्रोसेसरच्या नावातला 'आय' काढून टाकला. आय५ चा नुसता 'कोअर ५' झाला. पाठोपाठ जानेवारी २०२४ मध्ये कोअर ५ १२०यू आला. आता दोघांची कुंडली शेजारी-शेजारी मांडा. आय५-१३३५यू मध्ये दहा कोअर, बारा थ्रेड, १२ एमबी कॅश. १२०यू मध्येही दहा कोअर, बारा थ्रेड, १२ एमबी कॅश. दोन्ही १५ वॉटचे. ग्राफिक्सची युनिट्स दोन्हींत ८०. फरक काय तो कमाल वेगाचा : ४.६ गिगाहर्ट्झचे ५ झाले. तो वेगही थोडा वेळच टिकतो. यंत्र तापलं की दोघेही खाली येतात. जानेवारी २०२५ मध्ये तर हेच घराणं २००यू या नव्या आकड्याने आणखी एकदा बाजारात आलं.

मडगावच्या एका दुकानदाराला मी विचारलं, नव्यात नवं काय? तो हसून म्हणाला, "नांव नवें, जिनस तोच." नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. फक्त इथे कथलाच्या वाळ्याला नावं ठेवायचं कारण नाही. ऑफिसचं काम, कोडिंगचा अभ्यास, ऑनलाइन मीटिंगा या सगळ्याला ही चिप व्यवस्थित पुरते. जुन्या नावाने घेतली तरी पुरते आणि नव्या नावाने घेतली तरी पुरते.

एका ठिकाणी मात्र डोळे उघडे ठेवा. 'कोअर ५' आणि 'कोअर अल्ट्रा ५' ही दोन वेगळी घराणी आहेत. अल्ट्राची रचना खरोखरच नवी आहे, त्यात एआयसाठी वेगळा भाग आहे. सेलच्या पानावर दोन्ही नावं एकाखाली एक असतात, आणि घाईत 'अल्ट्रा' हा शब्द कुणी वाचतच नाही. अल्ट्राचे पैसे मोजून साधा कोअर घरी आणू नका.

आता रॅम. जुन्या मॉडेलमध्ये ८-८ जीबीच्या दोन पट्ट्या आणि नव्यात १६ ची एकच, असं असेल तर मी डोळे मिटून जुनं घेईन. या चिपचं ग्राफिक्स स्वतःची मेमरी बाळगत नाही, ते रॅममधूनच उसनी घेतं. पट्टी एकच असली की रस्ता अर्धा होतो. गेम आणि व्हिडिओ एडिटिंगमध्ये हे लगेच जाणवतं. दुकानात ओळखायची खूणही सोपी आहे. चालू मशीनवर टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जा. किती स्लॉट वापरलेत ते तिथे लिहिलेलं असतं. १३३५यू वर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ग्राफिक्सचं नाव 'आयरिस एक्सई' ऐवजी 'यूएचडी' दिसलं, तर एकच पट्टी बसवलीय असं समजा. १२०यू वर ही खूण चालत नाही, तिथे इंटेलने नुसतं 'इंटेल ग्राफिक्स' एवढंच नाव ठेवलंय.

माझा हिशेब असा : रॅम, स्क्रीन, स्टोरेज सगळं सारखं आणि किमतीत दोन-तीन हजारांचाच फरक असेल तर नवा घ्या, ताजा माल मिळेल. फरक पाच हजारांच्या वर गेला तर जुना. वाचलेल्या पैशांत बरी स्क्रीन मिळत असेल तर आधी ती घ्या. स्वस्त मॉडेलांवर '४५ टक्के एनटीएससी, २५० निट्स' असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा रंगांचा, दुसरा उजेडाचा. ती स्क्रीन म्हणजे फिकट रंग, आणि बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीवर, बसून काम करायचं म्हटलं तर समोर स्वतःचाच चेहरा. हा दोष मॉडेल नवं झालं तरी जात नाही. अशा नावापुरत्या नव्या मॉडेलात, म्हणजे रिफ्रेशमध्ये, चिपचं नाव बदलतात, स्क्रीन तीच ठेवतात.

इंटेलची प्रतिस्पर्धी एएमडी, तिचं थोडक्यात. रायझन ५ ७५३०यू हा २०२२ च्या ५६२५यू चाच भाऊ, ४.३ चे ४.५ गिगाहर्ट्झ झाले इतकंच. वरच्या वर्गात रायझन ७ ७८४०एचएस चा ८८४५एचएस झाला. त्यात एआयच्या भागाची ताकद १० टॉप्सवरून (टॉप्स म्हणजे एआयचा वेग मोजायचं माप) १६ वर गेली. एआयच्या लॅपटॉपांना मायक्रोसॉफ्ट देते त्या कोपायलट प्लस शिक्क्याला लागतात ४०. म्हणजे 'एआय'चा स्टिकर बघून जास्त पैसे द्यायचं काहीच कारण नाही. स्वस्त मिळेल तो उचला.

मॅकबुक एअर : एम३ की एम४

इथे गंमत उलटी झाली. मार्च २०२५ मध्ये ॲपलच्या एम४ चिपचा एअर आला तेव्हा पहिली प्रतिक्रिया होती, "नुसता आकाशी रंग दिलाय." आणि तो रंगही इतका फिकट की ट्यूबलाइटखाली चंदेरीच वाटतो. बाहेरून बघितलं तर तक्रार खरी. अंगकाठी तीच, १३.६ इंचांची ५०० निट्सची स्क्रीन तीच, पंखा तेव्हाही नव्हता आणि आताही नाही.

पण किंमत बघा. एम३ भारतात १,१४,९०० रुपयांना आला होता, एम४ आला ९९,९०० ला. एका किरकोळ म्हटल्या गेलेल्या बदलात पंधरा हजार उतरले. शिवाय आठाचे दहा कोअर झाले. कॅमेरा १२ मेगापिक्सेलचा झाला, आपण हललो तरी चौकटीत धरून ठेवणारा. दोन बाहेरचे मॉनिटर एम३ ला जोडता यायचे ते लॅपटॉपचं झाकण बंद ठेवूनच, एम४ ला झाकण उघडं ठेवून जोडता येतात. घरून काम करणाऱ्याला हा शेवटचा फरक रोज उपयोगी पडतो.

तरीही एम३ घेण्यात अर्थ आहे का? उरलेला माल एम४ पेक्षा निदान दहा-बारा हजारांनी स्वस्त मिळत असेल, तर हो. अट एकच : रॅम १६ जीबी हवी. ॲपल कितीतरी वर्षं ८ जीबीवर अडून बसली होती. मॅकवरचे ८ म्हणजे इतरांकडच्या १६ सारखेच, असं कंपनीच्या एका उपाध्यक्षांनी २०२३ मध्ये सांगूनही झालं, आणि लोकांनी त्यांना मनसोक्त धुतलं. शेवटी ३० ऑक्टोबर २०२४ ला किंमत न वाढवता एम२ आणि एम३ एअरची रॅम १६ पासून सुरू झाली. म्हणजे त्याआधी बनलेले ८ वालेही एम३ च आहेत, आणि सेलमध्ये सगळ्यांत आकर्षक किंमत त्यांचीच दिसते. त्यांना हात लावू नका. पुढे रॅम वाढवायची सोय मॅकमध्ये नसते.

एम२ ही कुठे कुठे मिळतो. त्याच्या २५६ जीबी मॉडेलमध्ये स्टोरेजची एकच चिप होती, त्यामुळे तिचा वेग एम१ पेक्षाही कमी पडला. एम३ ला पुन्हा दोन चिपा दिल्या. ग्राहकांच्या बोंबेचा उपयोग होतो तो असा, एक पिढी उशिरा.

आणि मॅक कुणी घेऊ नये तेही सांगतो. फर्मागुढीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकलला प्रवेश घेतलेल्या मुलीला मॅक घेऊन देऊ नका, तिला लागणारं सॉलिडवर्क्स हे डिझाइनचं सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतं. आल्तिनोच्या आर्किटेक्चर कॉलेजात जाणाऱ्यालाही नको, इमारतींच्या नकाशांसाठीच्या रेव्हिटचं तेच आहे. पणजीत पत्रिका-पुस्तकांचं डीटीपी करणारे आमचे एक स्नेही अजून पेजमेकरच्या जुन्या फायली सांभाळून आहेत, आणि ते जुनं सॉफ्टवेअर आजच्या मॅकवर चालत नाही. त्यांच्यासाठी एम३ काय आणि एम४ काय.

मॅकबुक प्रो : एम४ की एम५

१५ ऑक्टोबर २०२५ ला १४ इंची प्रोमध्ये एम५ आला, किंमत पूर्वीचीच १,६९,९००. बाहेरचा साचा २०२१ पासूनचा, वायफाय ६ई तेच. बदल सगळा आत : मेमरीचा वेग सेकंदाला १२० जीबीवरून १५३ वर, स्टोरेज कंपनीच्या दाव्यानुसार दुपटीपर्यंत वेगवान, ग्राफिक्सच्या प्रत्येक कोअरमध्ये एआयसाठी वेगळी जोड. गोव्यातल्या साखळीला लग्नाचे व्हिडिओ करणारा एक मुलगा ऐन लग्नसराईत दिवसाला शेकडो जीबी इकडून तिकडे हलवतो. त्याला मी एम५ सांगितला. बाकीच्यांनी एम४ वर पंधरा-वीस हजारांची सूट मिळाली तर ती सोडू नये. एम४ ची प्रो ज्यांच्याकडे आहेच त्यांनी ही जाहिरात वाचूसुद्धा नये.

गोव्यातलं गणित वेगळं

ॲपलच्या कागदावर मॅकबुक चालवायचं तापमान १० ते ३५ अंश आणि आर्द्रता कमाल ९० टक्के दिलीय. आपल्याकडे जुलैतल्या सकाळी ही आर्द्रतेची मर्यादा घरात बसल्या-बसल्या ओलांडली जाते. कपाटातल्या चपलांवर बुरशी येते तिथे मदरबोर्डाने काय करावं? पंखा असलेला लॅपटॉप ही दमट हवा आत ओढतो, किनाऱ्याजवळ तर मिठासकट. पंखा नसलेला एअर या बाबतीत सुखी. मात्र मे महिन्याच्या दुपारी एसी नसलेल्या खोलीत तासभर व्हिडिओ एक्स्पोर्ट लावला तर तोच एअर हळू पडतो, कारण उष्णता बाहेर टाकायला त्याच्याकडे दुसरी वाटच नाही. साखळीच्या मुलाला एअर न सांगण्यामागे हेही कारण होतं.

याचा जुन्या-नव्याशी संबंध असा की वर्षभर गोदामात पडलेला जुना माल एक पावसाळा काढून आलेला असतो. म्हणून जुनं मॉडेल घेताना बॅटरीचा रिपोर्ट दुकानातच काढायला सांगा. विंडोजमध्ये एका कमांडचं काम आहे. डिझाइन कपॅसिटी (मूळ क्षमता) आणि फुल चार्ज कपॅसिटी (आत्ताची) असे दोन आकडे येतात. कोऱ्या यंत्रात ते जवळजवळ सारखे हवेत. दुसरा बराच खाली असेल तर खोका परत.

वॉरंटीही सिरियल नंबर टाकून कंपनीच्या साइटवर तिथल्या तिथे बघा. काही वेळा ती कंपनीतून माल निघाल्या तारखेपासून धावत असते, बिल चढवून दुरुस्त करून घ्यावी लागते. विंडोज लॅपटॉपला घरी येऊन दुरुस्ती करणारी, म्हणजे ऑनसाइट वॉरंटी मिळत असेल तर तिचे हजार-दोन हजार जरूर द्या. पेडणे किंवा काणकोणहून लॅपटॉप घेऊन पणजीला दोन खेपा घातल्या की तेवढे पैसे आणि दोन रजा जातात. ॲपलचं स्वतःचं दुकान गोव्यात नाही. पुण्यात सप्टेंबर २०२५ मध्ये उघडलं, पण त्याचा आपल्याला उपयोग पुण्याला गेलो तरच. इथे अधिकृत विक्रेते आणि सर्व्हिस सेंटरवरच भिस्त.

थांबावं का?

"जीएसटी उतरला ना, मग लॅपटॉप कधी उतरणार?" हा प्रश्न अजून येतो. २२ सप्टेंबर २०२५ ला दर बदलले तेव्हा एसी आणि मोठे टीव्ही २८ वरून १८ टक्क्यांवर आले. लॅपटॉपवर आधीपासूनच १८ होता, तो तसाच राहिला. उतरायचं काही नाही.

उलट चढायचं आहे. एआयच्या सर्व्हरांसाठी मेमरी चिपांची इतकी ओढ लागलीय की २०२५ च्या उत्तरार्धात रॅमचे भाव भडकले. मायक्रॉनसारख्या मोठ्या मेमरी कंपनीने त्याच डिसेंबरमध्ये आपला 'क्रुशियल' हा ग्राहकांसाठीचा धंदाच आवरता घेत असल्याचं जाहीर केलं. 'आता ८ जीबी घेऊ, पुढच्या चतुर्थीला वाढवू' हा आपला जुना हिशेब त्यामुळे अंगाशी येऊ शकतो. येणाऱ्या मॉडेलांत किंमत तीच ठेवून रॅम कमी केलेली दिसली तर मला नवल वाटणार नाही. तेव्हा जुन्या मॉडेलमध्ये १६ जीबी असलेलं यंत्र आज बऱ्या भावात दिसत असेल आणि गरज खरी असेल, तर सेलच्या आणखी हजार रुपयांसाठी थांबू नका. गरज नसेल आणि घरातला लॅपटॉप विंडोज ११ घेत असेल, तर त्याची बॅटरी बदला, पंखा साफ करून घ्या आणि मला फोन करू नका.