मोटूल ५१०० (१५डब्ल्यू५०) इंजिन ऑइल: जुन्या रॉयल एनफील्ड क्लासिक ३५० साठी घ्यावं का?

गाडी युसीई इंजिनवाली (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच खोक्यात) क्लासिक ३५०, रोज पुणे-चाकण, म्हणजे अर्धा रस्ता पहिल्या-दुसऱ्या गिअरात. मॅन्युअलमध्ये १५डब्ल्यू५० (ऑइलच्या घट्टपणाचा ग्रेड) लिहिलंय आणि ५१०० मध्ये तो ग्रेड मिळतो, सेमी सिंथेटिक (खनिज आणि कृत्रिम तेलाचं मिश्रण), एस्टर नावाचं कृत्रिम तेल असलेलं, म्हणून हे घेतलं. आधीच सांगून टाकतो, मायलेज वाढत नाही आणि पिकअप तर अजिबात नाही. सकाळी थंड स्टार्टला टकटक होते ती पण तशीच, थोडं गरम झालं की जाते.

फरक कळतो तो गिअरला. सिग्नलला न्यूट्रल सापडायला जी झटापट व्हायची ती जवळपास बंद झाली, आणि एप्रिल-मेच्या उन्हात नाशिक फाट्याला अडकल्यावर क्लच जड व्हायचा तो आता बराच ठीक राहतो. कारण असं की या इंजिनात एकच ऑइल सगळीकडे फिरतं, पिस्टन, गिअरबॉक्स, क्लचप्लेटा आणि प्रायमरीची (इंजिनची ताकद क्लचपर्यंत नेणारी) डबल चेन, सगळं त्यातच. इंजिनपेक्षा गिअरचे दातच ऑइलला जास्त चिरडतात, त्यातलं घट्टपणा टिकवणारं पॉलिमर तुटत जातं आणि ५० चं ऑइल हळूहळू ४० सारखं, म्हणजे पातळ, वागायला लागतं. म्हणून रंग काळा झाला का ते बघत बसू नका, गिअर खडखडायला लागले की समजा वेळ झाली. मला ते तीन-साडेतीन हजार किमीनंतर जाणवतं, या किमतीत अजून थोडं टिकायला हवं होतं राव.

घेताना डब्याच्या मागे जासो (जपानी ऑइल मानक) एमए किंवा एमए२ आहे का ते बघा, ५१०० वर एमए२ आहे. एमबीवालं स्कूटरसाठी असतं, त्यात घर्षण कमी असतं, आपल्या ओल्या (ऑइलात बुडालेल्या) क्लचमध्ये टाकलं तर क्लच घसरणार. काही मेकॅनिक कारचं सिंथेटिक उरलेलं असतं ते “भारी आहे साहेब” म्हणून ओततात, सरळ नको म्हणा.

बदलताना दोन लिटरच्या थोडं वर लागतं, म्हणजे एकेक लिटरचे डबे घेतले तर तिसरा फोडावाच लागतो आणि उरलेलं घरी पडून राहतं. गाडी डबल स्टँडवर, इंजिन थोडं चालवून बंद करायचं, जरा थांबायचं आणि मग उजवीकडच्या काचेत बघायचं. जास्त भरलं तर ब्रीदरमधून (इंजिनची हवा सोडणाऱ्या नळीतून) एअर फिल्टरच्या डब्यात येतं, तो राडा कोण पुसणार.

आमच्या बाबांची जुनी, कास्ट आयर्न इंजिनची बुलेट आहे, तिच्यात मात्र हे टाकत नाही. तिची प्रायमरी वेगळी, इंजिनचं ऑइल तिकडे जात नाही आणि गिअरबॉक्सचं अजून तिसरं. इंजिनात साधं मिनरल २०डब्ल्यू५०, आणि प्रायमरीत पण तेच, क्लच त्यातच बुडलेला असतो म्हणून तिथेही एमएच पाहिजे. काहीजण तिथे एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) टाकतात, पातळ असल्याने थंडीत क्लचप्लेटा चिकटत नाहीत म्हणतात, चालतं ते पण. महागडं सिंथेटिक तिथे ओतण्यात अर्थ नाही, मधल्या एका नटावर धरलेलं ते कव्हर, रबर सील जरा बसलं नाही की अर्धं ऑइल पार्किंगमध्येच. आणि प्रायमरीतली लेव्हल न भरता आपोआप वाढत असेल तर खुश होऊ नका, क्रँकचं (इंजिनच्या मुख्य दांड्याचं) सील गेलंय, इंजिनचं ऑइल तिकडे येतंय.

थोडक्यात युसीईवाल्यांनी बिनधास्त घ्या. ६५० सीसीच्या एनफील्डवाल्यांनी हे घेऊ नका, त्यांना १०डब्ल्यू५० फुल सिंथेटिक लागतं. आणि ड्रेन बोल्टचं वॉशर आणि फिल्टरच्या ओ रिंगा त्याच वेळी नवीन घ्या, दुकानदार मागितल्याशिवाय देत नाही.