टामिया हॉर्नेट: जुन्या आरसी गाड्यांची शर्यत भरवायची असेल तर हीच घ्या

आरसी गाड्यांची, म्हणजे रिमोटवर पळणाऱ्या छोट्या गाड्यांची शर्यत भरवणाऱ्याला एकच धास्ती असते, ती म्हणजे दुपारच्या हीटपर्यंत (फेरीपर्यंत) किती गाड्या चालत्या राहतील. गाडी किती पळते हे चालवणारा बघतो. मी टेबलाच्या मागे बसते, त्यामुळे मी ती किती टिकते ते बघते. त्या हिशेबाने टामियाची हॉर्नेट मला आजही पहिल्या नंबरची गाडी वाटते. मुंबईत कुणी अशी शर्यत भरवायच्या विचारात असेल तर सुरुवात हिच्यापासूनच करावी, असं माझं ठाम मत आहे.

लालबागला आमचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. पंखे, पंप, मिक्सर हे रोजचं काम. थंडी पडली की दादा, मी आणि ओळखीतली मंडळी मिळून मुलुंडच्या एका शाळेच्या मैदानावर एका दिवसाची शर्यत ठेवतो. गाडीचं डिझाइन 1990 च्या आधीचं हवं, एवढीच अट. अस्सल जुनी गाडी चालते, कंपनीने पुन्हा काढलेलीही चालते. जागेचा विषय निघाला की सगळ्यांच्या तोंडी आधी शिवाजी पार्क येतं. पण तिथल्या तांबड्या धुळीने रहिवासी आधीच हैराण आहेत, त्यात आपण भर घालू नये. शाळेच्या मैदानाला चारी बाजूंनी भिंत असते, पाणी मारायला नळ असतो आणि चार्जिंगला वीज मिळते. आणखी काय हवं?

आता गाडीबद्दल. जपानमधल्या शिझुओकाच्या टामिया कंपनीने 1976 साली पोर्शे 934 काढून आरसी गाड्यांना सुरुवात केली. हॉर्नेट आली 1984 साली. एक-दशांश आकाराची, मागच्या चाकांना जोर मिळणारी बग्गी. मूळ गाडी बंद झाल्यावर लोक ती शोधत राहिले आणि 2004 साली कंपनीने ती पुन्हा बाजारात आणली. दादाकडची पहिल्या खेपेची आहे. मामा बोटीवर होता, त्याने आणलेली. माझ्याकडची नवी. बहुतेक सुटे भाग एकीचे दुसरीला बसतात आणि शर्यत भरवणाऱ्याला हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. चाळीस वर्षांपूर्वीची गाडी मैदानावर बिनधास्त पळवता येते, कारण तुटलं तर बदली भाग मिळतो.

जोडणी सोपी आहे, त्यावर फार लिहीत नाही. पुस्तिकेतली चित्रं इतकी स्पष्ट आहेत की सहावी-सातवीतलं मूल मोठ्यांच्या मदतीने गाडी उभी करतं. फक्त स्क्रूड्रायव्हर जपानी मापाचा घ्या. आपला साधा स्टार त्या स्क्रूमध्ये नीट बसत नाही, घसरतो आणि डोकं खाऊन टाकतो. किटमधले बुश (आस फिरतो ती साधी कडी) बाजूला ठेवून सुरुवातीलाच 11 बाय 5 मिलिमीटर मापाची, दोन्ही बाजूंनी बंद असलेली बॉल बेअरिंग घाला. आपल्याकडच्या धुळीत उघड्या बेअरिंगचा टिकाव लागत नाही.

मोटर हा माझ्या धंद्याचा विषय, म्हणून इथे जरा थांबते. हॉर्नेटमध्ये 540 मापाची, चंदेरी डब्याची ब्रशवाली मोटर येते. डबा बंद असतो, कार्बन (म्हणजे ब्रश) बदलता येत नाहीत. दुकानात अशी मोटर आली तर मी सरळ सांगते, दादा, नवी घ्या. पण शर्यतीत हाच तिचा मोठा गुण आहे. आत हातच घालता येत नसल्यामुळे कुणी वाइंडिंग बदललं, कुणी कडक कार्बन घातले, हा वाद मुळात उभाच राहत नाही. आम्ही तर त्याच्याही पुढे गेलो. सगळ्या मोटर आमच्याकडेच ठेवतो आणि सकाळी चिठ्ठ्या टाकून वाटतो. आदल्या आठवड्यात दुकानात प्रत्येक मोटर कमी व्होल्टवर थोडा वेळ फिरवून घेते, म्हणजे कार्बन कम्युटेटरवर (ते ज्या फिरत्या तांब्याच्या भागावर घासतात त्यावर) नीट बसतात. मग रिकामी फिरताना ती किती अँपिअर खाते ते मोजायचं. जी बाकीच्यांपेक्षा फारच वेगळं माप दाखवते ती बाजूला. संध्याकाळी मोटर परत. ज्याला आपल्या गाडीत पुढे काय हवी ती मोटर टाकायची असेल त्याने घरी टाकावी.

गाडीचा खरा स्वभाव मागच्या बाजूला आहे. मोटर, गिअरबॉक्स आणि आस हे सगळं एकच धूड आहे आणि ते अख्खंच्या अख्खं वर-खाली होतं. आधुनिक बग्गीत मोटर चॅसिसवर (गाडीच्या सांगाड्यावर) पक्की असते, प्रत्येक चाक आपापलं खड्डे झेलतं. इथे एका चाकाखाली दगड आला की सगळं वजन उसळतं आणि दुसरं चाकही जमीन सोडतं. मागे धक्के शोषणारे तेलाचे डॅम्पर आहेत, पण पुढे उसळी मारणारी स्प्रिंग रोखायला तेल नाही. आमच्या मैदानावर क्रिकेटच्या गोलंदाजांनी धावून धावून खळगा केलाय. तिथे हॉर्नेट बेडकासारख्या उड्या मारत जाते.

हा दोष आहे का? वेगाची गाडी हवी असेल तर आहे. शर्यत भरवायची असेल तर माझ्या लेखी हे वरदान आहे. थ्रॉटल दाबून धरलं की गाडी वळणावर उसळून बाहेर जाते. वळणाच्या आधी सोडायचं, पुढची रेघारेघांची चाकं जमिनीला लागली की वळायचं, मग हळूहळू दाबायचं. हे ज्याच्या बोटांत आहे तो पुढे जातो. गेल्या फायनलला डोंबिवलीचे एक काका सगळ्यांत अनुभवी होते, पण त्यांच्या मागोमाग सबंध पाच मिनिटं नववीतली एक मुलगी चिकटून होती. खळग्याच्या अलीकडे ती दर लॅपला डावीकडून जायची, तिथे जमीन सपाट आहे. काका उजवीकडून जवळचा रस्ता घ्यायचे आणि उडायचे. शेवटच्या लॅपला त्यांची गाडी उडून ट्रॅकच्या कडेच्या पाइपावर पडली आणि ती पोर पुढे गेली. गाड्या सारख्या, मोटर चिठ्ठीतून आलेल्या, बॅटऱ्या सारख्या. काकांनी स्वतः येऊन तिची पाठ थोपटली.

धूळ ती उत्तम सोसते. गिअर पूर्ण झाकलेले आहेत. संध्याकाळी गिअरबॉक्स उघडला तर आत माती जवळजवळ नसते. चॅसिस टबासारखं बंद आहे, बॅटरी खालच्या झाकणातून आत जाते, त्यामुळे दोन हीटच्या मधे बॉडी न काढताही बॅटरी बदलता येते. टेबलावर बसणाऱ्याला हे असे वाचलेले क्षण फार उपयोगी पडतात.

बॅटरी 7.2 व्होल्टची निकेल मेटल हायड्राइड, एवढंच आम्ही चालवू देतो. लिथियम पॉलिमर बंद. शाळेच्या वर्गात पाचपंचवीस पोरं फिरत असताना चार्जिंगला लावलेली लिथियम बॅटरी फुगली तर काय करायचं? आणि साध्या मोटरला तिची गरजही नाही. टामियाचा तो पांढरा कनेक्टर जास्त करंटला तापतो, वितळतो, अशी तक्रार ऐकू येते आणि ती खरी आहे. पण चंदेरी मोटरवर आमच्याकडे तो कधी वितळलेला नाही.

रेडिओचा, म्हणजे रिमोटच्या सेटचा मुद्दा मात्र जुनी आणि नवी हॉर्नेट यांत जमीन-अस्मानाचा फरक करतो. जुन्या सेटमध्ये चॅनल ठरवणारा क्रिस्टल असतो, 27 मेगाहर्ट्झ पट्ट्यातला. रंगांनी ओळखायचे सहा चॅनल: तपकिरी, लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा. तपकिरी 26.995 चा, निळा 27.255 चा. एका रंगाचे दोन रिमोट एकाच वेळी चालू झाले की दोन्ही गाड्या वेड्यासारख्या धावतात. म्हणून आम्ही एका फळीला रंगीत दोरा बांधलाय आणि त्यावर कपड्यांचे सहा चिमटे लावतो. ज्याच्या हातात त्या रंगाचा चिमटा, त्यानेच रिमोट चालू करायचा. दिवसभर टेबलासमोर एकच गलका असतो, "ताई, लाल चिमटा कुणाकडे?" तेवढ्यात भिंतीपलीकडे एखादं पोर बाजारातून आणलेली स्वस्त खेळण्यातली गाडी चालवायला लागतं. तीही बहुतेक वेळा याच पट्ट्यातली, मग दादाची जुनी हॉर्नेट आपोआप डावीकडे वळते. शेवटी एका माणसाला गल्लीत उभं करावं लागलं, येणाऱ्या-जाणाऱ्या पोरांना आत बोलावून बाकावर बसवायला. त्यांतली काही आता लॅप मोजतात.

नव्या हॉर्नेटमध्ये 2.4 गिगाहर्ट्झचा सेट टाकला की हे सगळं संपतं. सेट आपला मार्ग आपणच शोधतो. वेळापत्रक आखताना रंगांचा विचार करावा लागत नाही. तरी जुन्या क्रिस्टलवाल्यांची एक हीट मी मुद्दाम ठेवते. ती फळी आणि ते चिमटे हेही या खेळाचं जुनेपणच आहे, ते जपायला हवं.

लॅप आपोआप मोजायला गाडीत बसवायचे ट्रान्सपाँडर मिळतात, पण छोट्या शर्यतीला तो खर्च झेपत नाही. एका गाडीला एक मूल, एक पाटी, चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. हीट पाच मिनिटांची, वेळ संपल्यावर चालू लॅप पूर्ण करायची. आधीच्या हीटचे चालक पुढच्या हीटला मार्शल. उलटलेली गाडी सरळ करायची, दुरुस्ती करायची नाही. ट्रॅकच्या कडेला विटा कधीच लावू नका, पुढचे आर्म (चाकं धरणारे दांडे) तुटतात. वायरिंगचा नालीदार प्लास्टिक पाइप खुंट्यांनी जमिनीवर दाबला आणि बाहेरून फक्की मारली की पुरतं.

आता खटकणाऱ्या गोष्टी. किटचा सर्वो सेव्हर (चाकं वळवणाऱ्या सर्वो मोटरला धक्क्यापासून वाचवणारा भाग) ढिला आहे, सरळ रेषेत गाडी जराशी भरकटते. चांगला सेव्हर वेगळा घ्या, आमच्या नियमात तो चालतो. पॉलिकार्बोनेटची (पातळ पारदर्शक प्लास्टिकची) बॉडी खांबांच्या भोकांपाशी चिरते, आतून जाळीची टेप लावून ठेवा. पावसाळ्यात पेटीत बंद ठेवली तर इथल्या हवेने स्क्रूंना गंज चढतो. शर्यत संपली की ब्रशने धूळ झाडून, स्क्रूंवर तेलाचा हात फिरवूनच ठेवायची.

सर्वांत मोठी अडचण मिळण्याची. खेळण्यांवरचं आयात शुल्क 2020 साली 20 टक्क्यांवरून 60 टक्क्यांवर गेलं आणि 2023 साली 70 टक्क्यांवर. किट खेळणं म्हणून धरलं गेलं की परदेशातल्या किमतीवर आखलेलं बजेट कोलमडतं. आमच्यातल्या एकाला एका विक्रेत्याने उघडलेला खोका नवा म्हणून पाठवला, आत स्टिकरचा कागदच नव्हता. खोका घेताना समोर उघडून पिशव्या मोजा. सर्वो, चार्जर, बॅटरी यांसाठी लॅमिंग्टन रोडला एक चक्कर मारलीत तरी बरंच काही हाती लागतं.

दुसऱ्या जुन्या गाड्याही आमच्याकडे येतात. ग्रासहॉपर त्याच सालची, पण मुळात तिच्यात छोटी 380 मोटर. लहान मुलांसाठी छान, हॉर्नेटबरोबर एका हीटमध्ये मात्र मागे पडते. 1987 ची लंच बॉक्स व्हॅन पुढची चाकं उचलते, कोलांट्या खाते, प्रेक्षक टाळ्या वाजवतात आणि मार्शल दमतात. तिची वेगळी हीट ठेवा. असोसिएटेड कंपनीची आरसी10 ही 1984 ची खरी शर्यतीची गाडी, अॅल्युमिनियमच्या टबाची. ती सर्वांच्या पुढे पळते, म्हणूनच एका वर्गात हॉर्नेटशेजारी उभी करू नये. महाग आहे आणि तिच्या मालकांनाही ती मातीत आपटलेली बघवत नाही.

किट मागवताना त्याच पार्सलमध्ये पुढचे आर्म, बॉडीचा एक जादा संच आणि बेअरिंग मागवा. पॉलिकार्बोनेटवर मारायचा रंग इथेच शोधा, स्प्रेचे डबे विमानाने पाठवत नाहीत. बॉडी आतून रंगवायची असते आणि दमट हवेत तो रंग पांढुरका पडतो. त्यामुळे पाऊस पूर्ण थांबल्यावर, दिवाळीच्या सुट्टीत रंगवलीत तर आमच्या शर्यतीपर्यंत गाडी तयार होते.