कोमल मध्यम आणि माझे ७२,८०० रुपये

बी.एड.च्या सीटच्या नावाखाली गेलेले पैसे असे: ५,५०० नोंदणीचे. ४५,००० पहिला हप्ता, रोख. १२,५०० 'स्कूल प्रॅक्टिस फाइल'चे. ९,८०० परीक्षा फॉर्मचे. यातले ४५,००० मी मिरजेहून नवा तानपुरा आणायला साठवले होते.

मी ग्वाल्हेरची, दौलतगंजात राहते. गायनात एम.ए., घरी अकरा मुलं शिकायला येतात. शाळेत नोकरी हवी तर बी.एड. कर, असं जो तो सांगायचा. आमच्या भागात नॉन-अटेंडिंग बी.एड. हा शब्द कुणाला नवा नाही: नाव एका गावच्या कॉलेजात, हजेरी कागदावर. हा सरळ रस्ता नव्हे हे मला कळत होतं. पण सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, हे महिन्यातले वीस दिवस फिरतीवर. दोन वर्षांत वीस आठवडे शाळेतला सराव मी कुठून आणणार होते? 'सरावाची फाइल आम्ही बनवून देऊ' असं एक एजंट म्हणाल्यावर मला हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू.

सिटी सेंटरला एका कोचिंग क्लासच्या वर या एजंटाचं ऑफिस. 'संगीत शिक्षणाचं खास बी.एड., फक्त एक वर्ष.' हसू नका. २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचं आहे हे मलाही ठाऊक होतं. पण २०२५ च्या सुरुवातीला एनसीटीईने, म्हणजे बी.एड. कॉलेजांना मान्यता देणाऱ्या केंद्रीय परिषदेने, नव्या नियमांचा मसुदा काढला होता, त्यात एम.ए. झालेल्यांना पुन्हा एक वर्षाच्या बी.एड.ची सोय होती. त्या बातमीचं कात्रण या माणसाने लॅमिनेट करून टेबलावर ठेवलेलं. बातमी खरी होती. मसुदा म्हणजे नियम नव्हे, एवढंच मी विसरले.

आणि आता ते सांगते, जे आठवलं की अजून झोप उडते.

त्याने रंगीत पुस्तिका दिली. अभ्यासक्रमाच्या पानावर छापलं होतं, 'राग यमन : कोमल मध्यम'. अहो, मध्यम, म्हणजे सा रे ग म मधला म, कधी कोमल असतो का? शुद्ध नाहीतर तीव्र. माझ्याकडची आठ वर्षांची पोर सांगेल. ज्या शहरात भातखंडेंच्या पद्धतीने शिकवायला १९१८ साली माधव संगीत महाविद्यालय निघालं, त्या शहरात बसून संगीताचे शिक्षक घडवणारी संस्था हे छापते! तिथल्या तिथे उठायला हवं होतं. मी काय केलं? पर्समधून पेन काढलं आणि 'कोमल' खोडून 'तीव्र' लिहिलं. त्याने हात जोडले. "मॅडम, आप जैसी फॅकल्टी ही तो हमें चाहिए. कोर्स के बाद यहीं पढ़ाइए." मी फुगले. त्याच दुपारी बाडा चौकातल्या बँकेतून पैसे काढून त्याच्या हातावर ठेवले.

पावतीवर कॉलेजचं नाव नव्हतं. 'सेवा शुल्क, परत मिळणार नाही' एवढंच. मान्यतेचं पत्र म्हणून जो कागद दाखवला, त्यावर एनसीटीईची उत्तर विभागीय समिती होती. मध्य प्रदेश पश्चिम विभागात येतो. हे मला नंतर कळलं. कॉलेजचं नाव एनसीटीईच्या संकेतस्थळावर तुम्ही स्वतः शोधा, त्यांच्या मोबाइलवर दाखवतात ते नको. मध्य प्रदेशात बी.एड.चा प्रवेश उच्च शिक्षण विभागाच्या ई-प्रवेश या ऑनलाइन प्रक्रियेतून होतो. सीट देतो म्हणणाऱ्याकडे चहासुद्धा पिऊ नका.

हॉल तिकीट आलंच नाही. डिसेंबरात फोन बंद. जाऊन पाहिलं तर तिथे नेल आर्टचं दुकान.

मग ठाण्याच्या चकरा. पहिल्या ठाण्यात 'हमारे इलाके का नहीं'. दुसऱ्यात मुन्शी म्हणाला, हा लेन-देनचा मामला आहे, दिवाणी न्यायालयात जा. फसवणुकीला आता ४२० नाही, न्याय संहितेचं ३१८ कलम लागतं, आणि हद्द कुठलीही असो, तक्रार घ्यावीच लागते, हे मी वाचून गेले होते. ते ऐकल्यावर तर साहेब आणखीच चिडले. "आपको भी तो बिना गए डिग्री चाहिए थी ना?" सगळ्यांसमोर. बेंचवर माझ्या एका विद्यार्थिनीचे वडील बसलेले. बरं, माझी चूक ती माझी, पण त्यामुळे चोर साव होतो का? विद्यापीठात गेले तर म्हणे कॉलेज आमचं नाही, अर्ज लिहून द्या. दिला. त्यावर आवक क्रमांकसुद्धा टाकला नाही. सरकारी हेल्पलाइनवर नोंदवलेली तक्रार चौथ्या आठवड्यात 'फोर्स क्लोज', म्हणजे परस्पर बंद. कुणी फोन केला नाही, कुणी विचारलं नाही, आणि शेरा मात्र 'तक्रारदार समाधानी'!

यूपीआयने दिलेले २७,८०० तेवढे कागदावर आहेत. रोख ४५,००० चा पुरावा काय, म्हणून विचारतात. रोख देऊच नका. यूपीआयने गेले तर त्याच तासात १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा. मी सात महिन्यांनी जागी झाले.

आणखी एक. केंद्रीय विद्यालयांची २०२२ ची पीआरटी (प्राथमिक शिक्षक) संगीत भरतीची जाहिरात मी नंतर नीट वाचली. बारावीला ५० टक्के आणि संगीतातली पदवी. बी.एड. मागितलेलंच नाही! जाहिरात आधी वाचा, लोकांचं मग ऐका.

परवा पेपरात एक पत्रक आलं. संस्थेचं नाव वेगळं, फोन वेगळा, कोर्स तोच. त्यात यमनचा मध्यम तीव्र छापलाय.