मोठे टायर, रिलेवरचे दिवे आणि एक्स्टेंडेड वॉरंटी: चौदा महिन्यांचा अनुभव

गाडी डिझेल, सात सीटर, ऑगस्ट २०२१ ची. तीन वर्षांची मूळ वॉरंटी संपायला आठवडा राहिला तेव्हा दोन वर्षांची एक्स्टेंडेड वॉरंटी घेतली. वीस हजार आणि वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २३,६०० रुपये. सर्व्हिस प्लॅनचे, म्हणजे पुढच्या सर्व्हिसिंगचे आधीच भरलेले, वेगळे १८,५००. राहतो अंबाजोगाईत, धंदा कृषी सेवा केंद्राचा, त्यामुळे गाडी डांबरी रस्त्यावर कमी आणि वाडी-वस्तीवर जास्त असते. शोरूम लातूरला. आज रीडिंग ७८ हजार आहे.

गाडीत बदल दोनच. पहिला दिव्यांचा. हंगामात रात्री आमच्याकडच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्यांची रांग असते, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. टायर फुटून उभी राहिलेली ट्रॉली तर बोनेटपुढे आल्यावरच दिसते. दोनदा थोडक्यात वाचलो, मग हेडलाइट रिलेवर, म्हणजे करंटवर चालणाऱ्या वेगळ्या छोट्या स्विचवर, घेतले. बल्ब तेच ठेवले, ६०/५५ वॅटचे. मूळ वायरिंगमध्ये करंट दिव्याच्या स्विचमधून फिरून येतो, बल्बपर्यंत पोचेस्तोवर व्होल्टेज पडतं. रिलेमुळे तो बॅटरीवरून जाड वायरने, फ्यूजमधून थेट येतो, आणि तेवढ्यानेच उजेडात फरक पडतो. मला घाई होती. मिस्त्रीला म्हटलं, वायर सोला, जोड मारा, टेप लावा. तो म्हणाला, "कशाला कापायलाव भाऊ, कपलर मिळतंय की. उद्या शोरूमला जायचंय का नाही?" त्या कपलरची, म्हणजे वायर न कापता नुसत्या खोचायच्या जोडाची, किंमत मला दोन वर्षांनी कळली.

दुसरा बदल टायरचा. कंपनीचे २१५/७५ आर १५ होते, मी २३५/७५ टाकले. दिसायला गाडी झकास, चिखलात पकडही चांगली. पण टायर साधारण चार टक्के मोठा झाला की मीटर तेवढं कमी दाखवतं. मीटरवर दहा हजार झाले तेव्हा गाडी खरी दहा हजार चारशेच्या वर पळालेली असते. ऑइल बदलायला तेवढाच उशीर होतो. आणि किलोमीटरवर चालणाऱ्या वॉरंटीत कंपनीला हा हिशेब अजिबात आवडत नाही.

पैसे भरायच्या आधी मी वॉरंटीची पुस्तिका घरी आणून वाचली. शोरूममधल्या पोराला विचारलं असतं तर तो "काही प्रॉब्लेम नाही सर" एवढंच म्हणाला असता, आणि म्हणालाही. पुस्तिका इंग्रजीत, पण मराठीत सांगायचं तर अट अशी होती की बदलामुळे झालेला बिघाड वॉरंटीत बसणार नाही. "बदल केलेली गाडी बसणार नाही" असं नव्हतं. काही योजनांत तसंही लिहिलेलं असतं, तेव्हा आपापलं पुस्तक बघा. माझे २३,६०० त्या "मुळे"वर उभे होते.

पहिला क्लेम डिसेंबरमध्ये. पुढच्या डाव्या चाकातून गुणगुण यायला लागली, वेग वाढला की आवाज वाढायचा. व्हील बेअरिंग. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरने टायरचा फोटो काढला, वर पाठवला, दोन तासांत नकार आला. ६,८०० रुपये खिशातून गेले. मी वाद घातला नाही. रुंद, जड टायरचा ताण पहिला बेअरिंगवरच येतो, हे मलाही कळतं.

दुसरा मेमध्ये. एसीचा कॉम्प्रेसर बसला, तोही बेचाळीस डिग्रीत. एस्टिमेट गॅस धरून ३१ हजार. जॉब कार्डवर, म्हणजे शोरूमच्या कामाच्या नोंदीवर, पुन्हा टायर आणि दिवे दोन्ही लिहिले गेले, मला वाटलं गेले पैसे. पण चौथ्या दिवशी मंजुरी आली, एक रुपया लागला नाही. टायरचा आणि एसीचा संबंध लावायचा म्हटलं तरी लावणार कसा!

खरी गंमत जुलैत झाली. बॅटरीचा लाल दिवा लागला, ऑल्टरनेटर चार्ज करत नव्हता. किंमत साडेसतरा हजार. अ‍ॅडव्हायझरने बोनेट उघडलं, रिले बघितला आणि गाडी न खोलताच जॉब कार्डवर लिहिलं: वायरिंग मॉडिफाइड. नकार तयारच होता.

तिथे मी खुर्ची ओढून बसलो. म्हटलं, दादा, बल्ब काढून बघा. वॅटेज बघा. बल्ब मूळचेच आहेत तर ऑल्टरनेटरवर जास्तीचा लोड आला कुठून? आणि मूळ वायर एके ठिकाणी जरी कापलेली दाखवली तर मी आत्ता पैसे भरतो. त्याने टॉर्च मारून पाहिलं. कपलर जसाच्या तसा. काढला तर दोन मिनिटांत गाडी कंपनीतून आली तशी होते. मग मी म्हटलं, नकार द्यायचा तर कारण लेखी द्या, ऑल्टरनेटर खोलून काय सापडलं तेही लिहा, आणि जॉब कार्डवर माझं म्हणणंही चढवा. बाहेर येऊन ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोन करून तक्रार नोंदवली. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, हेही जाता जाता अ‍ॅडव्हायझरच्या कानावर घातलं.

खोलल्यावर ब्रश झिजलेले आणि आत धूळ भरलेली निघाली. एकोणीस दिवसांनी मंजुरी मिळाली. तोवर लातूर-अंबाजोगाई लालपरीने केलं, आणि बियाण्याच्या ऐन सीझनमध्ये मेहुण्याचा पिकअप मागून चालवला. त्या एकोणीस दिवसांची भरपाई कुठल्याच पुस्तिकेत नाही.

तेव्हापासून गाडी देताना जॉब कार्ड पूर्ण वाचल्याशिवाय सही करत नाही. तिथे चार शब्द काय पडतात त्यावर पुढचं सगळं ठरतं, कारण वर बसलेला माणूस गाडी बघत नाही, कार्ड आणि फोटो बघतो.

सर्व्हिस प्लॅनबद्दल फार सांगण्यासारखं नाही. बदलांवरून तिथे कुणी अडवत नाही. मजुरीचे दर वाढले ते मला लागले नाहीत. पण एअर फिल्टर त्यांच्या तक्त्यात ठरलेल्या किलोमीटरलाच मिळतो, आणि आमच्याकडे सोयाबीनच्या मळणीत दहा हजारांतच तो गोणपाटासारखा होतो. तो दर वेळी आपल्या पैशाने. पुन्हा लातूरला जाण्या-येण्यात दिवस मोडतो तो वेगळा. फक्त सर्व्हिस प्लॅन पुन्हा घेशील का विचारलं तर नाही म्हणेन.

शेजारच्या सरांचं उलट झालं. त्यांनी पेट्रोल गाडीला बाहेरून सीएनजी किट बसवलं. एमएच ४४ च्या, म्हणजे अंबाजोगाईच्या आरटीओ कार्यालयात आरसीवर नोंद केली, विमा कंपनीला कळवून किटच्या किमतीवर चार टक्के आणि थर्ड पार्टीचे साठ रुपये जास्तीचे भरले. कायद्याने सगळं चोख. तरी इंजिनची वॉरंटी गेली, कारण त्यांच्या पुस्तिकेत बाहेरच्या किटचं नाव घेऊनच नकार होता. आरटीओची नोंद आणि कंपनीची वॉरंटी यांचा एकमेकांशी संबंध नाही, हे सरांना किट बसवल्यावर कळलं.

८० हजारांची सर्व्हिस पुढच्या महिन्यात आहे. कंपनीचे जुने टायर शेडमध्ये पोत्याखाली पडलेत, हवा भरून बघितली, नक्षी अजून बरी आहे. तेच परत चढवतोय. दिवे मात्र राहतील. कारखान्यांची धुराडी पेटायला आता पंधरा-वीस दिवसच उरलेत.