एजंटबद्दल जाहीर लिहावं की नुसती तक्रार करावी?

घराच्या व्यवहारात एजंटने मनस्ताप दिला की पहिल्यांदा मोबाईल हातात घ्यावासा वाटतो. एक स्टार आणि चार कडक ओळी. पण 'लिहू की नको' एवढाच हा प्रश्न नसतो. स्वतःच्या नावाने रिव्ह्यू, टोपणनावाने रिव्ह्यू, नुसते स्टार, किंवा नियामकाकडे, म्हणजे या धंद्यावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेकडे, लेखी तक्रार, अशा निदान चार वाटा आपल्यासमोर असतात. पुष्कळांना टोपणनाव सगळ्यात सुरक्षित वाटतं. मला तीच वाट सगळ्यात कच्ची वाटते, म्हणून सुरुवात तिच्यापासून.

हॉटेलात दिवसाला शेकडो माणसं येतात, त्यांत एक नाराज गिऱ्हाईक सहज लपतं. एजंटचे महिन्याचे व्यवहार मात्र बोटांवर मोजण्याइतके असतात. 'तिसरा मजला, जूनमधला व्यवहार, ताबा उशिरा' एवढं वाचलं तरी हे कोणी लिहिलं ते त्याला कळतं. ओळख लपवायला तपशील गाळले, तर उरतं 'वाईट अनुभव, जाऊ नका'. ते वाचणाऱ्याच्या कामाचं नाही, आणि प्रतिस्पर्ध्याने टाकलेलं वाटण्याचीच शक्यता जास्त. शिवाय टोपणनावाचा पडदा कोर्टात टिकेलच असं नाही. गैरकृत्य कोणी केलं ही माहिती ज्याच्याकडे आहे त्या तिसऱ्या पक्षाकडून ती मागता येते, हे तत्त्व इंग्लंडमध्ये 1973 पासून रुळलेलं आहे. ऑस्ट्रेलियात 2020 साली एका दंतवैद्याला निनावी रिव्ह्यू लिहिणाऱ्याचा तपशील मिळवण्यासाठी गूगलवर अर्ज बजावायची परवानगी फेडरल कोर्टाने दिली होती.

स्वतःच्या नावाने लिहिण्यात धोका उघड असतो, पण तो बराचसा आपल्या हातात असतो. आधी एक ध्यानात घ्यावं: बदनामीची नोटीस आली तर ती लिहिणाऱ्याला येते, वेबसाईट बहुधा बाजूला राहते. अमेरिकेत तर 1996 च्या कायद्याने वेबसाईटला तसं संरक्षणच दिलेलं आहे. लंडनच्या हायकोर्टाने 2021 मध्ये एका ग्राहकाला 25,000 पौंड भरपाई द्यायला लावली. त्याने एका वकिली कंपनीच्या रिव्ह्यूत 'स्कॅम' हा शब्द वापरला होता. एजंटबद्दल लिहिताना 'फसवा', 'चोर', 'लुटारू' हे शब्द असेच पटकन तोंडी येतात.

ही दोन वाक्यं शेजारी ठेवून पाहा. एक: 'या एजंटने आम्हाला फसवलं.' दुसरं: 'घर दाखवताना पार्किंग मिळेल असं सांगितलं. करारात पार्किंग नव्हतं. विचारल्यावर मालकाशी बोला, असं उत्तर आलं. माझ्या मते हे आधीच स्पष्ट करणं त्याचं काम होतं.' पहिल्या वाक्यात तुम्ही त्याच्या मनातला हेतू सांगता, आणि तो सिद्ध करणं फार अवघड. दुसऱ्यात घडलेलं वेगळं आहे आणि तुमचं मत वेगळं आहे. इंग्लंडच्या 2013 च्या बदनामी कायद्यात 'प्रामाणिक मत' हा बचाव आहे, पण मत कशावर आधारलेलं आहे ते निदान ढोबळपणे लिहिलेलं असावं लागतं. घर शोधणाऱ्यालाही दुसऱ्याच वाक्याचा उपयोग होतो, कारण करार वाचताना तो पार्किंगचं कलम शोधेल.

'खरं तेच लिहिलंय, मग भीती कशाची?' असं म्हणणाऱ्यांनी आपल्या देशाचा कायदा पाहून घ्यावा. भारतात 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या न्याय संहितेच्या कलम 356 नुसार बदनामी हा फौजदारी गुन्हाही आहे, आणि शिक्षा दोन वर्षांपर्यंतच्या साध्या कैदेची होऊ शकते. तिथे सत्याचा अपवाद लागायला ते सांगणं लोकहिताचं होतं हेही दाखवावं लागतं. दक्षिण कोरियात खऱ्या विधानानेही बदनामीचा गुन्हा घडू शकतो.

कायद्याच्याही आधीची एक चूक मी स्वतः केली आहे. भाड्याचं घर सोडताना अनामत अडकली, आणि मी रागाच्या भरात एजंटच्या नावावर लिहून टाकलं की त्याने अनामत बुडवली. नंतर पावती काढून पाहिली तर पैसे मालकाच्या खात्यात गेले होते. एजंटचा दोष फोन न उचलण्याचा होता, पैसे खाण्याचा नव्हता. मी ते रिव्ह्यू काढलं आणि त्याला तसं कळवलं. घराच्या व्यवहारात मालक, बिल्डर, बँक, दोन्हीकडचे एजंट असे पाच-सहा हात असतात. त्यात विकणाऱ्याने नेमलेला एजंट मुळात विकणाऱ्याच्या बाजूने बोलतो. त्याने तुमच्यासाठी किंमत पाडली नाही म्हणून तो अप्रामाणिक ठरत नाही. तो खोटं बोलला का, एवढंच तपासायचं.

तक्रारीची वाट संथ असते. पुढच्या गिऱ्हाइकाला तिचा पत्ताही लागत नाही. तरी तिचं मोल मोठं आहे: जे शब्द जाहीर लिहिल्यास अंगाशी येतात, तेच अधिकार असलेल्या संस्थेपुढे सद्‌भावनेने मांडले तर कायदा त्यांना बराच आसरा देतो. भारतात वर सांगितलेल्या कलम 356 मध्येच तसा अपवाद आहे, इंग्लंडमध्येही असं संरक्षण मिळतं. मात्र तक्रार योग्य दारी जायला हवी. भारतातल्या 2016 च्या रेरा (स्थावर मालमत्ता नियमन) कायद्याखाली एजंटविरुद्ध तक्रार करता येते, पण त्यातली एजंटची नोंदणी नोंदणीकृत प्रकल्पांतल्या विक्रीपुरती आहे. भाड्याच्या घराची तक्रार तिथे बसत नाही.

नुसते स्टार देण्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही. धोका कमी, उपयोगही कमी.

मी निवड अशी करेन. पैसे किंवा कागद अजून अडकलेले असतील, तर जाहीर एक अक्षर लिहायचं नाही. आधी लेखी तक्रार. ओळखपत्राची प्रत, पगाराचा दाखला, नवा पत्ता, कधी कधी घराची किल्लीसुद्धा एजंटकडे असते, आणि तो उत्तरादाखल तुमचं बजेट किंवा नाकारलेलं कर्ज चारचौघांत काढू शकतो. व्यवहार पुरा झाला, मेसेज आणि पावत्या जपून ठेवल्या, की मग स्वतःच्या नावाने, घडलं तेवढंच लिहावं. त्याआधी 'आमच्याविरुद्ध जाहीर बोलणार नाही' असं कलम करारात आहे का तेही पाहावं. अमेरिकेत ठरावीक छापील करारांत असं कलम घालायला 2016 च्या कायद्याने बंदी आहे, पण हे सगळीकडे लागू नाही. कमिशनमध्ये सूट घेऊन पाच स्टार देऊ नयेत. त्या स्टारवर विसंबून दुसरं कुटुंब आयुष्याची पुंजी त्याच्या हाती देईल.

एक गोष्ट मात्र कोणत्याही वाटेवर करू नये. 'पैसे परत करा, नाहीतर रिव्ह्यू टाकतो' हा मेसेज. तुमचे पैसे खरोखर बाकी असले तरी तो खंडणीची धमकी म्हणून समोर ठेवला जाऊ शकतो, आणि मग उत्तरं तुम्हाला द्यावी लागतात. पैशांची मागणी वेगळ्या पत्राने करावी, त्यात रिव्ह्यूचं नावही नको. पुढे पैसे मिळाले तर टाकलेल्या रिव्ह्यूखाली तारीख घालून लिहावं: 'अनामत पूर्ण परत मिळाली, तीन महिने लागले.'