गच्चीच्या वॉटरप्रूफिंगच्या नावाखाली झालेली फसवणूक

आई-बाबांचं कोल्हापूरचं घर जुनं, बैठं. वर विटांच्या तुकड्यांचा कोबा घातलेली गच्ची. मे महिन्यात सगळ्यांनाच गच्चीचं काम पावसाच्या आत उरकायचं असतं, आणि नेमकी ही घाई हेरून काही लोक दारात येतात. घरात दोघं म्हातारी माणसंच आहेत, हेही ते बघून ठेवतात.

पलीकडच्या गल्लीत काम चालू आहे असं सांगत एक ठेकेदार आला. "काका, माल आजच उचलला तर जुना भाव मिळेल." 60,000 ठरले आणि त्यातले 40,000 त्यानं त्याच दिवशी घेतले. लेटरहेडवर 10 वर्षांची गॅरंटी लिहून दिली. त्यावर ना जीएसटी क्रमांक, ना पत्ता. मागे बारीक अक्षरांत 'स्लॅबला पडलेल्या भेगांमधून होणारी गळती गॅरंटीत येत नाही' असं छापलेलं. गळायचं ते भेगांतूनच, मग गॅरंटी कशाची?

खरी लबाडी मात्र कामात झाली. रीतीप्रमाणे आधी शेवाळ तारेच्या ब्रशनं खरवडायचं, भेगा छिन्नीनं उघडून पॉलिमरच्या मसाल्यानं भरायच्या, कठड्याच्या कोपऱ्यांना सिमेंटचा वाटा (गोलसर उतार) मारायचा. मग वॉटरप्रूफिंगच्या रसायनाचा पहिला हात, तो ओला असतानाच त्यात जाळी दाबायची आणि वाळल्यावर दुसरा हात. इथं पोरांनी खराट्यानं धूळ बाजूला लोटली आणि भेगांवरून तसाच ब्रश फिरवला. ड्रम नावाजलेल्या कंपनीचा, पण सील आधीच तुटलेलं आणि आतला माल ताकासारखा पातळ. आईनं हटकलं तर म्हणाले, "मावशी, पहिला हात पातळच असतो." त्यात थोडं तथ्य आहे, म्हणून ती गप्प बसली. दुसरा हातही तसाच निघाला. जाळीचे पैसे हिशोबात लागले, जाळी गच्चीवर आलीच नाही.

गच्चीवर पाणी साठवून गळतं का ते बघू, असं बाबा म्हणाले. "आता पावसातच कळेल की," म्हणत ठेकेदारानं उरलेले पैसेही नेले. जूनमध्ये स्वयंपाकघराचं छत पाझरायला लागलं. गच्चीवरचा थर मी नखानं उचकटला तर हातभर पापुद्रा निघून आला आणि त्याच्या मागे गच्चीवरची माती जशीच्या तशी चिकटलेली होती. ठेकेदार आधी "पाऊस उघडला की येतो" म्हणाला, नंतर फोनच बंद. बाबांनी पेन्शनमधून साठवलेले पैसे होते ते. राग अजून जात नाही.

काम देणाऱ्यांना कळकळीनं सांगते, ड्रमचं सील तुमच्यासमोर फोडायला लावा. एका ड्रममध्ये किती चौरस फूट होतात ते त्यावरच लिहिलेलं असतं, त्यावरून किती ड्रम लागतील हे आधीच काढा आणि रिकामे ड्रम मोजून घ्या. पावसाळी पाइपांना बोळे लावून गच्चीवर 2-3 इंच पाणी दोन-तीन दिवस उभं राहू द्या. शेवटचा मोठा हप्ता त्यानंतरच.

फसलाच असाल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर बोला. जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे 2 वर्षांच्या आत दाद मागता येते आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. आम्ही यूपीआयच्या नोंदी, व्हॉट्सॲपवरचं बोलणं आणि फोटो जोडून तक्रार केली आहे. अडचण आली ती त्या माणसाच्या पत्त्याची. गॅरंटीच्या कागदावर नुसतं नाव आणि मोबाइल नंबर, नोटीस पाठवायची कुठे? तेव्हा इसार देण्याआधीच ओळखपत्राची प्रत आणि राहता पत्ता मागून घ्या.