कॉर्ड की सरगम? रोजच्या अर्ध्या तासाचा हिशेब

कापूस वेचणीच्या दिवसांत गिटारला सायंकाळचा जेमतेम अर्धा तास मिळतो. सरगम घोटली की कान तयार होतो, बोटं मोकळी होतात. पण चार महिने नुसती सरगम वाजवूनही गावच्या भजनात मला एका ओळीची साथ देता येईना. कॉर्ड म्हणजे एकत्र वाजवलेले तीन-चार सूर; एका कॉर्डवरून दुसरीवर जाण्याचा सराव तिथं लगेच कामी येतो. 'जी' कॉर्डवरून 'सी' कॉर्डवर जाताना तर्जनीला पाचव्या तारेवरून दुसरीवर उडी घ्यावी लागते; ती उशिरा पडली, की खंजेरी पुढे निघून गेलेली असते. म्हणून मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर लावून चार ठोक्यांना एक कॉर्ड, रोज २० मिनिटं. बोटांना जड जाणारी 'एफ' कॉर्ड सध्या राहू द्या, कॅपो (गिटारच्या मानेवर लावून सूर चढवायचा चिमटा) लावून भागतं. उरलेली १० मिनिटं सरगमीला, तीही तोंडानं गात गात.